गीझरची कंपनी खराब की पाणी जड? लातूरच्या एका इमारतीचे प्रकरण

लातूर शहरातली पार्किंग अधिक तीन मजल्यांची, बारा फ्लॅटची इमारत. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटच्या कॉमन बाथरूममध्ये एकाच स्वस्त ब्रँडचा १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गीझर बसवून दिला होता. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत बारापैकी सात गीझरची काही ना काही तक्रार झाली. सोसायटीच्या बैठकीत सूर एकच होता: बिल्डरने हलका माल मारला, सगळे काढून नावाजलेल्या कंपनीचे बसवा. दर गीझरमागे साधारण ९,५०० रुपये, म्हणजे बारांचे १ लाख १४ हजार, फिटिंग वेगळे. पैसे काढण्याआधी दोघा-तिघांनी आग्रह धरला की आधी तपासून बघू. त्या तपासणीत काय निघाले आणि त्यावरून ब्रँडबद्दल काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही, हे या प्रकरणाचे सार.

बारापैकी सात हा आकडा ऐकायला भयंकर आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. तक्रारींची फोड केली तेव्हा चित्र असे निघाले: चार गीझरची कॉइल जळाली, दोघांत आतल्या वायरचे टोक जळून थर्मोस्टॅट (पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की वीज तोडणारा भाग) वितळला आणि एकाची टाकी गळू लागली. ही तीन वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणेही वेगळी. सगळ्यांना मिळून ‘गीझर खराब’ म्हटले की तपास तिथेच संपतो.

सुदैवाने इमारतीत तुलनेची सोय आयती होती. पाच घरांनी ताबा मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या बाथरूमसाठी स्वखर्चाने महागडा, नावाजलेला गीझर घेतला होता. पाणी तेच, वायरिंग तेच, वय जवळपास तेवढेच. त्या पाचांपैकी दोघांची कॉइल गेलेली होती. ही गोष्ट बैठकीत कोणी काढली नव्हती, कारण महाग वस्तू बिघडली की माणूस नशिबाला बोल लावतो आणि स्वस्त बिघडली की कंपनीला. स्वस्तात बाराला चार, महागात पाचाला दोन. एवढ्या लहान आकड्यांवरून महागडा वाईट असे कोणी म्हणू नये, पण कॉइल जळण्यापुरता स्वस्त ब्रँड जास्त दोषी आहे असेही यातून दिसत नाही.

मग दोषी कोण? पाणी.

पाण्याचा हिशेब

बाथरूमला बोअरचे पाणी येते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मोजणारा मीटर ११५० दाखवत होता, पण टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. त्यात मीठही मोजले जाते आणि मिठाचा थर कॉइलवर बसत नाही. म्हणून नळ पाच मिनिटे सोडून देऊन स्वच्छ बाटलीत एक लिटर नमुना घेतला आणि प्रयोगशाळेतून एकूण कठीणपणा, म्हणजेच जडपणा, तपासून आणला. आकडा आला लिटरला ७२० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे हे पाणी शेवटच्या मर्यादेच्याही वर. मराठवाड्यात बेसॉल्टच्या कातळातून उपसलेल्या पाण्याचे हे नवल नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हापासून लातूरकर ‘पाणी किती’ याचा हिशेब घागरीपर्यंत ठेवतात. ‘पाणी कसे’ हा प्रश्न त्यामानाने मागे पडतो.

असे पाणी तापले की त्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट मोडते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, सगळ्यात गरम पृष्ठभागावर बसते. ६० अंशांच्या वर हा वेग चांगलाच वाढतो. समजा लिटरमागे फक्त १०० मिलिग्रॅम क्षार खाली बसला आणि घरात दिवसाला तीन वेळा गीझर भरून तापला, तर ४५ लिटरमागे रोज साडेचार ग्रॅम. चार महिन्यांच्या हिवाळ्यात अर्ध्या किलोच्या वर. एका फ्लॅटमधली कॉइल बाहेर काढली तेव्हा वेटोळ्यांमधल्या फटी पूर्ण बुजलेल्या होत्या. नळी कुठली आणि क्षार कुठला हे कळत नव्हते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकले की राखाडी-पांढऱ्या खपल्या पडायच्या आणि खाली तांब्याची नळी एका जागी काळी पडून उभी चिरलेली दिसायची.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. क्षार बसला की पाणी तापायला वेळ लागतो आणि बिल वाढते, असे सर्रास सांगतात. कॉइल पाण्यात बुडालेली आहे. तिने ओढलेली वीज शेवटी पाण्यातच जाते. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला २ किलोवॅटला सुमारे २१ मिनिटे लागतात आणि क्षार असताना त्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो कॉइलच्या आत. उष्णता बाहेर पडायला अडथळा आला की नळीचे तापमान चढत जाते, शेवटी नळी चिरते, आतल्या पांढऱ्या इन्सुलेशन पावडरीत पाणी शिरते आणि करंट टाकीत उतरतो. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडतो. नसेल आणि अर्थिंगही कच्चे असेल, तर नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. आधीची खूण म्हणजे आवाज: गीझर चालू केल्यावर तडतड, खळखळ. दुसरी खूण, पाणी कोमट असतानाच दिवा विझणे, कारण थर्मोस्टॅटच्या नळीभोवती क्षाराचा गठ्ठा झालेला असतो आणि त्याला पाण्याऐवजी कॉइलचीच धग लागते.

अर्थिंग तपासताना एका फ्लॅटच्या सोळा ॲम्पियरच्या सॉकेटमध्ये अर्थची वायर स्क्रूतून निसटलेली सापडली. फेज-न्यूट्रलला २३५ व्होल्ट आणि फेज-अर्थला काहीच नाही. हा दोष ना कंपनीचा ना पाण्याचा. पण सगळ्या तपासणीत सगळ्यात जिवावरचा दोष हाच होता, आणि त्यासाठी लागला फक्त एक स्क्रूड्रायव्हर.

टाकी गळाली, तिची चौकशी

टाकी गळणे हे मात्र कंपनीवर शेकावे असे वाटते. पहिला संशय दाबाचा. पण छतावरच्या टाकीपासून पहिल्या मजल्यापर्यंत सुमारे १० मीटर उंची, म्हणजे दाब जेमतेम १ बार. इमारतीत प्रेशर पंप नाही आणि गीझरवर ८ बार छापलेले. पाण्याच्या दाबाने टाकी जाणे शक्य नव्हते.

कारण सापडले गीझरच्या बाहेर. थंड पाण्याच्या तोंडाशी जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो दोन कामे करतो: तापलेले पाणी मागे लाइनमध्ये जाऊ देत नाही आणि दाब वाढला की बारीक छिद्रातून थेंब-थेंब सोडतो. २० वरून ७० अंशांवर जाताना पाणी सुमारे २ टक्के फुगते. १५ लिटरमागे ३०० मिलिलिटर. ते पाणी मागे जाऊ शकत नाही, नळ बंद असल्याने पुढेही जाऊ शकत नाही, म्हणून छिद्रातून ठिबकते. हे ठिबकणे म्हणजे बिघाड नव्हे, ते व्हॉल्व्हचे कामच आहे. या घरात फरशी ओली होते म्हणून कोणीतरी त्या छिद्राला बूच मारून वर टेफ्लॉन गुंडाळले होते. मग रोज तापताना टाकी ताणायची, थंड होताना सैल व्हायची. आतला काचेसारखा इनॅमलचा थर ताण सोसत नाही, त्याला केसासारख्या भेगा जातात आणि वेल्डजवळ गंज सुरू होतो.

तरीही कंपनी इथे पूर्ण सुटत नाही. इनॅमलला भेग गेली तरी पोलाद वाचावे म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकीला वाचवतो. या गीझरमधला ॲनोड झिजून आतली तार उघडी पडली होती. बाकीचे उघडल्यावर दिसले की स्वस्त ब्रँडचा ॲनोड महागड्याच्या तुलनेत मुळातच आखूड आणि बारीक आहे. इतक्या क्षाराच्या, वीज सहज वाहू देणाऱ्या पाण्यात ॲनोड झपाट्याने जातो. वॉरंटी कार्डावर ‘ॲनोड दरवर्षी तपासावा’ अशी बारीक अक्षरांतली ओळ होती. बाराही घरांत ती कोणी वाचलेली नव्हती, आणि वाचली असती तरी ॲनोड कुठे असतो हे कार्डावर दाखवलेले नाही. निवाडा असा: बूच मारणाऱ्याची चूक पहिली, कंपनीने ॲनोडमध्ये केलेली काटकसर दुसरी.

दोन जळके थर्मोस्टॅट

उरले दोन. इथे पाण्याचा काही संबंध नव्हता. खालचे प्लास्टिकचे झाकण काढले की कॉइलच्या टर्मिनलवर येणाऱ्या वायरचे टोक दिसते. त्या टोकाला थिंबल, म्हणजे वायर टर्मिनलला जोडणारी धातूची टोपी, पंच केलेली असते. दोन्ही गीझरमध्ये थिंबल नीट दाबलेली नव्हती. वायरचे इन्सुलेशन दोन इंचांपर्यंत तपकिरी होऊन कडक झाले होते आणि शेजारचा थर्मोस्टॅट वितळला होता. ढिल्या जोडातून करंट गेला की तो जोड तापतो, तापला की आणखी ढिला पडतो.

व्होल्टेजने त्यात भर घातली. संध्याकाळी सगळ्यांचे लाइट-पंखे-मोटारी चालू असताना व्होल्टेज पडलेले असते, पण गीझर लागतात पहाटे, आणि तेव्हा मीटरवर २५२ व्होल्ट दिसत होते. २३० व्होल्टला २००० वॅट ओढणारी कॉइल (रेझिस्टन्स सुमारे साडेसव्वीस ओहम) २५२ ला २४०० वॅट ओढते. ढिल्या जोडावरची उष्णताही तेवढीच, २० टक्क्यांनी वाढते. तरी व्होल्टेजला मुख्य दोषी ठरवता येत नाही, कारण त्याच व्होल्टेजवर बाकीचे जोड थंड होते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. बाराही गीझरच्या लेबलचे मोबाइलवर फोटो काढले. आयएसआयच्या चिन्हावर आयएस २०८२ हा मानक क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की परवाना चालू आहे का आणि माल कोणत्या कारखान्यात बनला ते समोर येते. बारा गीझरवर दोन वेगळे परवाना क्रमांक निघाले. आठ गीझर एका कारखान्याचे, चार दुसऱ्याचे. ब्रँड एक, डबा एक, रंग एक, बनवणारे दोन. ज्या कंपनीचे नाव डब्यावर ठळक होते, ती फक्त विकणारी. स्वस्त ब्रँडमध्ये हे अगदी नेहमीचे आहे, बेकायदेशीरही नाही. निर्मात्याचे नाव-पत्ता लेबलवर बारीक का होईना, असतो.

जळके थर्मोस्टॅट असलेले दोन्ही गीझर त्या चारांतले होते. योगायोग असू शकतो: बारांतून कोणतेही दोन उचलले तर दोन्ही त्याच चारांतले निघण्याची शक्यता अकरात एक. म्हणून उरलेल्या दहांची झाकणे उघडली. पहिल्या कारखान्याच्या आठांत सगळ्या थिंबल घट्ट, वायर दीड चौरस मिलिमीटरची. दुसऱ्या कारखान्याच्या उरलेल्या दोनपैकी एकात थिंबल बोटाने फिरत होती; गीझर चालू होता आणि तक्रार आलेली नव्हती. चारातले तीन विरुद्ध आठातले शून्य. आता योगायोग म्हणण्याला फारशी जागा उरली नाही.

म्हणजे ‘हा ब्रँड विश्वासार्ह आहे का’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात येत नाही. एका कारखान्याचा माल ठीक आहे, दुसऱ्याच्या जोडणीत खोट आहे. बैठकीत ठरल्याप्रमाणे बाराही काढले असते तर सुक्याबरोबर ओलेही जळाले असते.

मिस्त्रीचे मत आणि नेटवरचे तारे

तपासणीच्या आधी दोन पुरावे पुढे केले गेले होते. एक, दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचे: ‘माझ्याकडे याच कंपनीचे जास्त येतात.’ मिस्त्री खरे बोलतो, पण त्या भागात बिल्डर मंडळींनी हाच ब्रँड जास्त बसवला असेल तर दुरुस्तीलाही तोच जास्त येणार. किती आले यापेक्षा किती विकल्यापैकी किती आले, हे हवे. मिस्त्रीला वेगळा प्रश्न विचारावा: या कंपनीचे येतात तेव्हा काय गेलेले असते, आणि किती वर्षांनी? कॉइल म्हणाला तर पाण्याकडे बघा. वायरिंग, थर्मोस्टॅट, गॅस्केट (सांध्यातले रबर) पहिल्या वर्षात म्हणाला तर कारखान्याकडे.

दुसरा, ऑनलाइन चार तारे. त्यातले बहुतेक अभिप्राय डिलिव्हरीनंतर आठवड्याभरात लिहिलेले असतात आणि त्यात पॅकिंगचे कौतुक असते. त्यावरून टिकाऊपणा कळत नाही. बीईईचे, म्हणजे सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, ताऱ्यांचे लेबलही टिकाऊपणाचे नव्हे; गीझर बंद ठेवल्यावर टाकीतली उष्णता किती वाया जाते, एवढेच ते सांगते. पाच तारे असलेल्या गीझरची कॉइलही या पाण्यात तशीच जळणार.

दुरुस्तीचा विचार केला तर

विश्वासार्हता म्हणजे न बिघडणे एवढेच आपण धरतो. जिल्ह्याच्या गावात बिघडल्यावर किती दिवसांत चालू होते, हा त्याचा अर्धा भाग आहे. महागड्या ब्रँडची कॉइल खास आकाराची, कंपनीकडूनच मागवावी लागणारी. जळालेल्या दोघांना जानेवारीच्या थंडीत पार्टची वाट बघावी लागली. स्वस्त ब्रँडचे लातुरात सर्व्हिस सेंटर नाही, माणूस सोलापूरहून येतो आणि फोन दोनदा करावा लागतो. पण त्याची कॉइल चार बोल्टच्या साध्या फ्लँजची (कॉइल टाकीला बसवणाऱ्या चकतीची) आहे. गंजगोलाईच्या परिसरातल्या इलेक्ट्रिकल दुकानात त्याच मापाची, आयएसआयची कॉइल हातोहात मिळाली. इतक्या जड पाण्यात कॉइल ही झिजणारी वस्तू आहे असे एकदा मान्य केले, तर ती सहज बदलता येणे ही मोठी जमेची बाजू ठरते. या एका मुद्द्यावर स्वस्त ब्रँड महागड्याला भारी पडला.

काय करायचे ठरले

एक लाख चौदा हजारांचा बेत बाजूला ठेवला. टाकी गळालेला गीझर बदलायचा. बाकीच्यांची सफाई, नवा ॲनोड आणि नवे गॅस्केट, गीझरमागे ८०० रुपयांचा हिशेब. काम असे होते:

एमसीबी पाडून प्लग काढायचा, थंड पाण्याचा कॉक बंद करून गरम नळ उघडायचा आणि टाकी रिकामी करायची. वायरचा फोटो काढूनच जोड सोडायचे. फ्लँज उतरवल्यावर कॉइलवरचा जाड क्षार लाकडी पट्टीने काढायचा, उरलेल्यासाठी लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळते) घालून कॉइल त्यात बुडवून ठेवायची, फेस येणे थांबेपर्यंत. टर्मिनलची बाजू द्रावणात जाऊ द्यायची नाही. संडास-बाथरूमचे ॲसिड अजिबात वापरायचे नाही; ते क्षार झपाट्याने काढते खरे, पण धातूही खाते. टाकीच्या तळाशी साचलेल्या खपल्या पाण्याने धुऊन काढायच्या, धारदार काही आत घालायचे नाही, इनॅमल खरवडले जाते. जुने गॅस्केट परत लावायचे नाही. आठ दिवसांनी गळते आणि ते पाणी थेट टर्मिनलवर पडते. बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळायचे. मग गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरायची आणि त्यानंतरच वीज. रिकाम्या टाकीत कॉइल चालू झाली तर नवी कॉइल काही मिनिटांत जाते, आणि मिस्त्री तिला ‘कंपनीचा फॉल्ट’ म्हणतो.

थर्मोस्टॅट ७५ वरून ५५ वर आणला. तेवढ्यात एका माणसाची बालदीभर अंघोळ आरामात होते आणि क्षार बसण्याचा वेग कमी होतो. सफाई दरवर्षी दिवाळीच्या आधी. पुढच्या तपासणीत ॲनोडची जाडी मूळच्या एक तृतीयांशावर आलेली दिसली तर तो बदलायचा.

दुसऱ्या कारखान्याच्या चार गीझरबाबत कंपनीला लेखी तक्रार गेली: अनुक्रमांक, परवाना क्रमांक, ढिल्या थिंबलचे फोटो. तिथे एक अडचण निघाली. बिल बिल्डरच्या नावे एकत्र केलेले आणि त्याची तारीख ताब्याच्या १४ महिने आधीची. गीझर गोदामात पडून असतानाच दोन वर्षांच्या वॉरंटीतले एक वर्ष उलटून गेले होते. नव्या फ्लॅटचा ताबा घेताना गीझर, पंप, लिफ्ट यांच्या बिलांच्या प्रती आणि तारखा मागून घ्याव्यात, हे बिल्डर आपणहून सांगत नाही. मात्र कारखान्यातली जोडणीच सदोष असेल तर वॉरंटी संपली एवढ्यावर कंपनीला हात झटकता येतीलच असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये उत्पादकाच्या जबाबदारीचे वेगळे प्रकरण आहे. म्हणून तक्रारीत ‘बिघडला’ असे न लिहिता ‘निर्मितीतील दोष’ असे लिहिले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरही नोंद केली. कंपनीचे उत्तर येईपर्यंत चारही गीझरमध्ये जुन्या थिंबल कापून तांब्याच्या नव्या थिंबल हत्याराने पंच केल्या आहेत. कापलेली टोके, फ्लॅट क्रमांक लिहिलेल्या पिशव्यांत घालून, सेक्रेटरींच्या कपाटात ठेवली आहेत.

टाकी गळालेल्या घराने नवा गीझर त्याच ब्रँडचा घेतला. दुकानात डबा उघडायला लावून परवाना क्रमांक आधी पाहिला, पहिल्या कारखान्याचा निघाल्यावरच पैसे दिले, आणि प्लंबरला सेफ्टी व्हॉल्व्हच्या छिद्राला बारीक पाइप जोडून तो मोरीत सोडायला सांगितला.